फेयोच्या नावाची जागा

समजा, तुम्ही मेरेंगे, म्हणजे डॉमिनिकन लोकांचं नाचाचं गाणं, गाताय. मागे बारा जण सुसाट सुटलेत, सॅक्सोफोन तुमच्या मानेवर श्वास टाकतायत, समोर अख्खा हॉल नाचतोय. मध्येच सगळी वाद्यं क्षणभर थांबतात. तेवढ्यात एकच नाव पुकारायचं आणि पुढच्या ठोक्याला परत गाण्यात उडी मारायची. कुणाचं नाव घ्याल?

नूरिस पेगेरोचं कधीच ठरलेलं होतं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या मोका गावात फेयो लिरियानोने तिच्या मांडीवर तांबोरा ठेवून तिला ठेका शिकवला. हा दुतोंडी ढोल बाईने वाजवायचा नसतो, असं कुणी म्हणालं की फेयो म्हणायचा, ढोलालाच विचारा, त्याची काही तक्रार आहे का. त्याचा नियम एकच. गाणं चालू असताना उठायचं नाही. घराला आग लागली तरी आधी शेवटचा ठोका, मग पाणी.

न्यूयॉर्कला आल्यावर नूरिसने हॉटेलच्या खोल्या झाडल्या, लग्नांत गाणी म्हटली आणि तिथल्याच वॉशिंग्टन हाइट्स वस्तीत स्वतःचा बँड उभा केला. तारा आणि स्पीकर सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या रेकॉर्डच्या वेळी त्या मोकळ्या जागेत तिने हाक मारली, "फेयो, ऐकतोयस ना?" आणि लगेच गावी फोन करून तसं कळवलं. रेकॉर्ड रेडिओवर लागणार होती त्या दिवशी फेयोने इस्त्रीचा शर्ट घातला, कोपऱ्यावरच्या दुकानात अख्खी गल्ली जमवली, सगळ्यांना रम पाजली.

ती जागा आली आणि नाव निघालं इथल्या, न्यूयॉर्कच्या एका रेडिओ निवेदकाचं.

रेकॉर्ड हातात पडली तेव्हा नूरिसला हे कळलं. वर, ती हाक तिच्या आवाजातही नव्हती. तिच्यासारखा आवाज काढणारी कुणी दुसरीच बाई आणली होती. ती तडक निर्मात्याकडे, रुबेन काब्रालकडे गेली, मी मागोमाग. तो केळ्याचे तळलेले काप खात बसला होता. निवेदक खूश तर गाणं दिवसभर वाजतं, असं त्याने तिला समजावलं. फेयोला कोण ओळखतं?

"मी ओळखते," नूरिस म्हणाली. "माझ्या गळ्यात दुसरीचं तोंड कुणाला विचारून बसवलंस?"

"अगं, दोन शब्दांचा तर प्रश्न आहे."

"मग तुझ्या आईच्या थडग्यावर माझ्या मावशीचं नाव घाल. तेही दोनच शब्द."

पुढच्या रविवारी दुपारच्या नाचाला रुबेन त्या निवेदकाला घेऊन पहिल्या टेबलावर बसला. रीतीप्रमाणे त्यांना हाक मिळायला हवी होती. वाद्यं थांबली. नूरिसने ओठ घट्ट मिटून त्या दोघांकडे रोखून पाहिलं आणि जागा रिकामी जाऊ दिली. पुढच्या गाण्यातही तेच. मग प्रत्येक गाण्यात. निवेदक आधी हसत होता, नंतर ग्लासात बघू लागला. रुबेनने त्यानंतर आमचे कार्यक्रम तोडले. तिने एकदाही मागे वळून त्याची मनधरणी केली नाही.

पण फेयो फोनवर येत नाही. झोपलाय, मळ्यात गेलाय, असं त्याची बायको सांगते. खरं काय झालं ते नूरिसने तिच्याकरवी कळवलंय. त्याने ऐकून घेतलं म्हणे.

अजूनही मोकाहून कुणी आलं की नूरिस त्याला बसवते, पोटभर जेवू घालते आणि एकच गोष्ट विचारते. पाहुणा ताटात बघतो, म्हणतो, त्यालाच विचार.

रेडिओवर दुसऱ्याचं नाव आलं, तेव्हा फेयो उठून गेला, की गाणं संपेपर्यंत बसून राहिला?