मोरपंखी साडीचा खर्च

गुलबर्ग्यात आमचं तुरीच्या अडतीचं दुकान आहे. हिशोब मी लिहिते. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, शेतकरी आपल्या अडत्याला शेतात जेवायला बोलावतात. तूर आपल्याच दुकानात यावी म्हणून अडत्या त्यांच्या घरच्या बायकांसाठी साड्या नेतो. त्या वर्षीच्या बिलात बाकी साड्या नेहमीच्या, सुती होत्या. एक मात्र मोरपंखी, रेशमी. किंमत मी दोनदा वाचली.

"ही कुणाला?" मी नवऱ्याला विचारलं.

"धंद्याचीच हाय. खर्चात घाल. कामून इचारायलीस?"

एवढं म्हणून हे चपला घालून बाहेर! मी कर सल्लागारांना फोन लावला.

"शेतकऱ्याकडं गेली तर धंद्याचा खर्च, उत्पन्नातून वजा होईल," ते म्हणाले. "घरात नाहीतर ओळखीत गेली तर न्हाई."

ओळखीत! हा शब्द त्यांनी का वापरला, याचा मी दुपारभर कीस काढला. त्यात बिल बिदरच्या मैलूरमधलं. गुलबर्ग्यात काय साड्यांचा दुष्काळ पडला होता?

येळवशीला हे एकटेच निघाले होते. मी हट्टानं गाडीत बसले आणि हळ्ळीखेडच्या शेतात पोचले. भज्जी-आंबील छान झाली होती म्हणे; माझं सगळं लक्ष साड्यांच्या पिशवीवर. यांनी साड्या वाटल्या, मोरपंखी तेवढी मागं ठेवली. मग ती काखेत मारून कडब्याच्या कोपीकडं, शेतातल्या झोपडीकडं गेले. मी मागोमाग.

कोपीत सत्तरीची एक म्हातारी बसली होती. ती सांगेल त्या अडतीला निम्म्या गावाची तूर जाते, हे मला ऐकून ठाऊक होतं.

"अक्का, औंदा माल आमच्याकडंच," म्हणत यांनी साडी तिच्या हातात दिली.

म्हातारीनं पदर उलगडून पाहिला. "रंग लई बेस हाय. कुणी निवडला?"

"मीच," हे चक्क लाजले. "गुलबर्ग्यात मनासारखा मिळंना. मैलूरपतोर फिरलो."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण रडू यायला लागलं. लग्नापासून माझ्या साड्या मीच आणते, कारण आपल्याला रंगातलं काही कळत नाही असं हेच सांगत आले होते.

परतताना यांनी विचारलं, "मिटला का शक? आता घालशील न्हवं खर्चात?"

"घालते की," मी म्हणाले. "धंद्याचाच हाय. घरच्या माणसावर तुम्ही असा खर्च कुठं करता?"