रॉटबाखने ओटमार किन्झलेला आमदार केलं

ओटमार किन्झले जर्मनीतल्या वुर्टेम्बर्गहून अमेरिकेत विस्कॉन्सिनला आला, तेव्हा त्याच्याजवळ एक तांब्याचा हंडा, बायको क्रेसेन्झ आणि भरपूर घाई होती. हिवाळ्यात केलेली बिअर थंड तळघरात चांगली तीन महिने मुरावी लागते. ओटमार ती पाचव्या आठवड्यातच पिंपातून काढायचा. रॉटबाख गावात दुसरा बिअरवाला नव्हता, त्यामुळे पंधरा वर्षं लोकांनी ती मुकाट्याने प्यायली.

माणूस मात्र बोलका. १८६९ साली लोहार वेन्डेलिनने विधानसभेसाठी त्याचं नाव सुचवलं आणि गावाने त्याला निवडून दिलं. अधिवेशन भर हिवाळ्यात. ओटमार राजधानी मॅडिसनला गेला, बिअरची भट्टी क्रेसेन्झकडे आली. तिने पिंपं भरून तळघराला कुलूप घातलं आणि एप्रिलपर्यंत उघडलं नाही.

पहिलं पिंप फोडलं त्या दिवशी वेन्डेलिनने एक घोट घेतला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"वहिनी, हे काय आहे?"

"बिअर."

"मग इतकी वर्षं आम्ही काय पीत होतो?"

क्रेसेन्झ पेले पुसत राहिली.

निवडणूक दरवर्षी असायची. ओटमार दरवर्षी निवडून यायचा, विरोधात कुणी उभंच राहायचं नाही. चौथ्या वर्षी तो म्हणाला, "पुरे झालं राजकारण. यंदा भट्टी मीच लावणार." तासाभरात वेन्डेलिन पाद्रीबुवांना घेऊन दारात हजर.

"शेठ, तुम्ही नसलात तर पूल कोण बांधणार?"

"पूल झाला की गेल्या साली."

"दुसरा बांधू."

"अरे, नदी एकच आहे."

"पण लांब किती आहे!" पाद्रीबुवा गंभीरपणे म्हणाले.

ते गेल्यावर ओटमार टेबलाशी येऊन बसला.

"क्रेसेन्झ, खरं सांग. मी नसतो तेव्हा बिअर जास्त खपते?"

"दुप्पट," ती म्हणाली. मग जरा थांबून, "अहो, पण पूल छान झालाय."

त्याचे कान लाल झाले. भांडला मात्र नाही. सकाळी उठून त्याने बुटांना पॉलिश केलं आणि अर्ज भरून आला.

पुढे तो आणखी नऊ वेळा निवडून आला. शाळा, दोन रस्ते आणि खरोखरच दुसरा पूल त्याने गावाला मिळवून दिला. तो वारल्यावर पाथरवटाने क्रेसेन्झला विचारलं, "दगडावर काय कोरू? बिअरवाला की आमदार?"

"आमदार," ती म्हणाली. "त्यात त्यांनी कधी घाई केली नाही."