थेरेमिनला घातलेला हार

सिंगापुरातल्या आमच्या टोळक्याचं एकही काम वेळेवर होत नाही, पण किस्से मात्र हमखास निघतात. थेरेमिनने तर वर्षभराची बेगमी केली!

सबनीसकाका जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनिअर. मी नोकरीसाठी इथे आलो तेव्हा पहिला वरणभात त्यांच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये जेवलो. ते उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. त्यांच्या गणपतीत पेटी तेच वाजवायचे. स्ट्रोकनंतर हात उचलता यायचा, पण बोटं चालेनात. यंदा म्हणाले, "आरती मोबाइलवर लावा." काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या.

०

माझा मित्र मंदार म्हणाला, "हात न लावता वाजणारं वाद्य करू!"

शंभर वर्षांपूर्वी एक शास्त्रज्ञ गॅस मोजायचं यंत्र करत होता. त्याच्या अँटेनाजवळ हात नेला की सूर चढायचा. थेरेमिन जन्मलं ते असं. आम्ही ते बुकित पंजांगच्या माझ्या डायनिंग टेबलावर जन्माला घातलं. पहिला आवाज ऐकून माझी लेक म्हणाली, "बाबा, it's crying lah!"

०

सूर जुळले. मंदारने लिटिल इंडियातून झेंडूचा हार आणून अँटेनाला घातला, हळदकुंकू वाहिलं. सूर घसरला! सगळं सर्किट तपासल्यावर कळलं, ओल्या हाराचा प्रताप.

"हार काढायचा नाही, अपशकुन होतो," मंदार.

मग हारासकट सूर जुळवले. दुसऱ्या दिवशी फुलं सुकली आणि सूर पुन्हा घसरला!

०

काकांकडे तालीम. येणारा प्रत्येक जण आधी वाद्यापाशी बसलेल्या काकांच्या पाया पडायचा आणि वाद्य किंचाळायचं.

काका म्हणाले, "आयुष्य इंजिन रूममध्ये गेलं, पण नमस्कार केल्यावर ओरडणारं यंत्र पहिलंच!"

शेवटी वाद्याभोवती जमिनीवर टेप चिकटवली. टेपच्या आत कुणी यायचं नाही, देवाची शपथ.

०

गणपतीचा दिवस. आम्ही सगळे टेपबाहेर. काकांनी डोळे मिटून आरती धरली. वाजत होती, खरंच वाजत होती! कडव्यात सूर वर जायचा तिथे त्यांचा हात थकला. पुढे सरकेना. सूर अर्ध्यावर लोंबकळत राहिला.

टेप ओलांडली ती काकूंनी. निरांजन खाली ठेवून त्या काकांच्या शेजारी, अँटेनाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. सूर थोडा चढला.

काकांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "अजून जरा जवळ ये. लागतोय."