डिंडोलीचं गवत

जोगळेकर बाई माणसाशी बोलताना त्याच्या पायांकडे बघत. सुरतेच्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत, आणि मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळा सहायक होतो. चार वर्षांत एक गोड शब्द ऐकला नाही. ‘पाटील, तुम्ही चालता की तुडवता?’ हे नेहमीचं.

ब्याण्णवच्या दिवाळीनंतर एका सोमवारी त्यांनी मला दारातच थांबवलं, खाली वाकल्या आणि चिमट्याने माझ्या पँटला चिकटलेली कुसळं काढू लागल्या. काल कुठे गेला होतात, म्हणाल्या. मी अभिमानाने सांगितलं, डिंडोलीला. आम्ही खानदेशी लोकांनी सोसायटी करून तिथे प्लॉट घेतले होते.

पुढच्या रविवारी बाई आमच्या जमिनीवर गुडघे टेकून बसलेल्या दिसल्या. ती कुसळं ज्या गवताची होती, ते ज्वारीच्या रानटी नात्यातलं होतं. तापीकाठी त्यांनी बारा वर्षं शोधून ते सापडलं नव्हतं. आता उरलं होतं ते आमच्या कोपऱ्यात, आठ-दहा प्लॉटांएवढं. तेवढं सोडा, असं बाई सोसायटीच्या सभेत म्हणाल्या. लोक हसले. त्या कोपऱ्यात माझाही प्लॉट होता.

मी म्हणालो, ‘बाई, माझी आई पांडेसऱ्यात एका खोलीत, डाइंग मिलच्या धुरात खोकतेय.’

‘तुमच्या आईला दुसरी जागा मिळेल,’ त्या म्हणाल्या. ‘याला मिळणार नाही.’

त्या दिवसापासून मी त्यांचा द्वेष करू लागलो. त्यांनी कचेऱ्यांत अर्ज केले, प्लॉटांवर भरणी घालायचं काम अडलं. प्रयोगशाळेत आम्ही चिठ्ठ्यांतून बोलायचो. आई रोज संध्याकाळी दिवस मोजत विचारायची, ‘घर कवय व्हई रे?’ दुसऱ्या हिवाळ्यात ती त्याच खोलीत वारली.

होळीच्या आधी गवत वाळून खडखडीत झालं होतं. भर दुपारी मी एकटा गेलो, रॉकेल शिंपडलं आणि काडी लावली. पाच मिनिटांत संपलं. वाचवायलाच काही न उरल्याने हरकत मिटली, आणि महिन्याभरात त्या राखेवर मुरमाचे ट्रक रिकामे झाले.

मी स्वतः जाऊन बाईंना सांगितलं, मीच जाळलं. त्या ओरडतील अशी माझी इच्छा होती. त्या पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

‘आईंचं कळलं. माझ्यामुळे त्यांना ते घर मिळालं नाही, हे मला ठाऊक आहे,’ त्या म्हणाल्या. ‘तरी मी तुम्हाला माफ करणार नाही.’

‘मीही करणार नाही,’ मी म्हणालो.

जूनमध्ये त्या निवृत्त होऊन पुण्याला गेल्या. निरोप समारंभाला मी गेलो नाही. आदल्या वर्षी गोळा केलेलं मूठभर बी त्यांनी जाताना कॉलेजमागच्या सहा कुंड्यांत पेरलं होतं. मला काही सांगितलं नव्हतं; कुंड्यांवरच्या त्यांच्या चिठ्ठ्यांवरून कळलं. पाऊस ओढ देई तेव्हा मी त्या कुंड्यांना पाणी घालायचो, थेट नवरात्रापर्यंत. एकाही कुंडीत काही उगवलं नाही.