शेतकऱ्यांमधला र

४ डिसेंबर. दोन दिवसांनी कालव्याला पाणी सुटणार होतं आणि त्याआधी मला पाळीपत्रक छापून काढायचं होतं. कोणत्या गावाला, कालव्यातून फुटणाऱ्या कोणत्या चारीवर, कोणत्या दिवशी पाणी मिळणार याचा तक्ता म्हणजे पाळीपत्रक. नांदेडहून विष्णुपुरीच्या पुढं कालव्याचं आमचं छोटं कार्यालय आहे. तिथं मी वरिष्ठ लिपिक. दरवर्षी हे काम मीच करते, आणि दरवर्षी ते सोपं असतं. मागच्या वर्षीची फाईल उघडायची, तारखा आणि नावं बदलायची, छापायचं.

या वर्षी फाईल उघडली तर मराठीच नव्हतं. इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस यांची नुसती खिचडी.

कारण मला माहीत होतं. आमची सगळी मराठी एका कंपनीच्या फॉन्टमध्ये होती. त्यासाठी पेनड्राइव्हसारखी एक वस्तू कॉम्प्युटरला लावून ठेवावी लागे. तिला सगळे ‘चावी’ म्हणत. वर्षाची मुदत संपली की चावी मुकी होई आणि कंपनीचा माणूस नवा करार घेऊन येई. प्रत्येक कॉम्प्युटरवर कंपनीच्या फोन नंबरचा निळा स्टिकर होता. आजवर कुणी हूं की चूं केलं नव्हतं, कारण दुसरीकडं जायला वाटच नव्हती. सगळी दप्तरं त्याच फॉन्टमध्ये.

यंदा मुदत संपली, पण नवा करार व्हायच्या आधीच शासनाचं परिपत्रक आलं होतं. यापुढं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरा, मराठी कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणाऱ्या युनिकोडमध्येच लिहा, एकाच कंपनीवर अवलंबून राहू नका. आमच्याकडं पोचलेली झेरॉक्स इतकी काळवंडलेली होती की ‘मुक्त’मधला क धड दिसत नव्हता. माझ्या शेजारच्या टेबलावर कनिष्ठ लिपिक बसतात. वयानं माझ्याहून मोठे आहेत, म्हणून सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी ते परिपत्रक मोठ्यानं वाचलं होतं, “मुफ्त स्रोत.” तेव्हापासून कार्यालयात त्याचं नाव मुफ्तचं सॉफ्टवेअर पडलं.

“मुफ्तच्या मालाला कोण वाली असतंय, मॅडम?” मामा त्या सकाळीही म्हणाले.

“मामा, तो क आहे. मुक्त.”

“एकच की.”

“एकच कसं? चारीच्या गेटाला कुलूप आपलं, आणि चावी नांदेडातल्या दुकानदाराच्या खिशात. दर हंगामाला त्याच्या पाया पडायचं. चालंल का?”

“गेटाचं वायलं, मॅडम.”

“काही वायलं नाही, अगदी तसंच आहे.”

साहेबांनी मला आत बोलावलं. कंपनीचा माणूस त्यांच्यासमोर बसलेला होता, कराराचा कागद टेबलावर. साहेब सरळ बोलले. “बाई, पाचपर्यंत पाळीपत्रक बिनचूक माझ्या हातात द्या. नाही तर मी यावर सही करतो. मला कालवा चालवायचा आहे, कॉम्प्युटर नाही.”

त्यांचंही चूक नव्हतं. बाहेर बाकावर कालव्याच्या अगदी शेवटच्या गावातली बाई येऊन बसली होती. गावच्या पाणीवापर संस्थेची ती सचिव, माझ्याच वयाची. तिनं मला दारातच गाठलं.

“ताई, कागद झाला का?”

“व्हायलाय.”

“मागल्या बारीला उशिरा आला. आमच्या पाळीच्या दिवशी वरच्या गावांनी गेट सोडलंच न्हाई. म्हणले, दाखव तुझा कागद. कागदच न्हाई तर काय दाखवू, हात? समदा हरभरा गेला. ह्या बारीला कागद घेतल्याबिगर उठत न्हाई म्या.”

“बसा. पण चहा घ्या.”

“चहा पिऊनच आलेय. तुम्ही कागदाचं बघा.”

जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारा एक छोटा प्रोग्रॅम मी आधीच उतरवून ठेवला होता. फाईल त्यात घातली. खिचडीचं मराठी झालं. गावांची नावं आली, गट क्रमांक आले, तारखा आल्या. मी छापील जुन्या पत्रकाशी आकडे ताडून पाहिले. बरोबर होते. मग वरचं वाक्य वाचलं: ‘सर्व शेतकयांना कळविण्यात येते की, दुसया पाळीचे पाणी खालील चायांना सोडण्यात येईल.’

शेतकयांना. दुसया. चायांना.

शेतकऱ्यांमधला तो आडवा, पापणीसारखा र गळाला होता. सगळ्या पत्रकात, जिथं जिथं होता तिथून. कंपनीच्या फॉन्टनं तो कुठल्या कोपऱ्यात ठेवला होता ते या प्रोग्रॅमला ठाऊकच नव्हतं.

कंपनीचा माणूस तेवढ्यात माझ्या मागं येऊन उभा राहिला होता. वाचून हसला. “बघा मॅडम. यांना शेतकरीसुद्धा लिहिता येत नाही.”

“शेतकरी येतोय की,” मी म्हटलं. “शेतकऱ्यांना येत नाहीये. तो र तुमच्या फॉन्टात अडकलाय.”

“मग करार करा, सोडवून देतो.”

मी घड्याळ पाहिलं. हाताशी वेळ कमी होता.

मी साहेबांकडं गावांची नवी नावं विचारायला गेले आणि तेवढ्यात मामांनी मला मदत केली. त्यांचं मन चांगलं आहे, यात शंका नाही. ‘या’च्या जागी ‘ऱ्या’ लिहायचं, असं त्यांनी कॉम्प्युटरला सांगितलं आणि ‘सगळीकडे बदला’ दाबलं. मी परत आले तर शेतकरी दुरुस्त झाले होते, पण ‘या कालव्याच्या’चं ‘ऱ्या कालव्ऱ्याच्ऱ्या’ झालं होतं. पाण्याचं, गावाच्या, तारखेच्या, सगळ्यांना र फुटला होता. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऱ्या, ऱ्या, ऱ्या.

शिपाई वाकून वाचायला लागला. “मामा, तुमचं पाळीपत्रक गुरगुरायलंय की.”

बाकावरची बाईसुद्धा हसली. मग तिनं हसू आवरलं आणि ती माझ्याकडं बघत राहिली. तिला हसणं परवडणारं नव्हतं.

मामा खजील झाले. “कंपनीच्या मराठीत असं कधी झालं न्हवतं, मॅडम.”

“झालं असतं तर आपल्याला दुरुस्तही करता आलं नसतं. उठा, इकडं बसा.”

प्रोग्रॅममधून निघालेली पहिली फाईल मी वेगळी ठेवलेली होती, ती पुन्हा उघडली. औशाला टायपिंगच्या क्लासात आमच्या बाई म्हणायच्या, अक्षर टाइप करू नका, शब्द करा. मला तेच आठवलं. एका अक्षराच्या मागं लागायचं नाही. पूर्ण शब्द धरायचा. पाळीपत्रकाची भाषा तशी ठरलेली असते, तेच तेच शब्द फिरून येतात. मी जुनं छापील पत्रक घेऊन पापणीचा र असलेले शब्द लाल पेनानं गोल केले. शेतकऱ्यांना, शेतकऱ्यांनी, दुसऱ्या, तिसऱ्या, चाऱ्या, चाऱ्यांना, पाटकऱ्यांनी, अधिकाऱ्यांनी. बोटावर मोजण्याइतके निघाले. मग एकेक शब्द शोधून पूर्ण बदलला. ‘शेतकयांना’चं ‘शेतकऱ्यांना’. ‘चायांना’चं ‘चाऱ्यांना’. ‘या’ला हात लावला नाही.

नवा कीबोर्ड माझ्या बोटांना अजून बसलेला नव्हता. शिफ्ट दाबून र, मग पाय मोडायचा, मग य. सुरुवातीला प्रत्येक वेळी थांबावं लागलं. नंतर बोटं चालायला लागली.

मग तारखा बदलल्या आणि वाचनाला बसलो. आमच्या कार्यालयात ताडून बघायची जुनी पद्धत आहे. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं कागदावर बोट फिरवायचं. मी वाचत होते, मामा बोट फिरवत होते. बाकावरची बाई तिच्या गावाचं नाव आलं तसं उठून टेबलापाशी आली आणि म्हणाली, “आमचा गट पुन्यांदा वाचा.” मी पुन्हा वाचला. तिनं मान हलवली.

शेवटच्या पानावर मामांचं बोट थांबलं. “मॅडम, तिसया.”

एक निसटला होता. बदलला.

साहेबांनी पत्रक हातात घेतलं आणि उभ्यानंच वाचलं, वरपासून खालपर्यंत. कंपनीचा माणूस खुर्चीत बसून होता. ‘शेतकऱ्यांना’वर साहेबांची नजर थांबली, ते मला दिसलं.

“हे दरवर्षी असंच करावं लागेल?”

“नाही, साहेब. आता हे आपलं झालं. पुढच्या वर्षी नुसत्या तारखा बदलायच्या. जुनी दप्तरं तेवढी एकदा बदलावी लागतील.”

“कोण करणार?”

“मी. आणि मामा.”

मामांनी माझ्याकडं बघितलं.

साहेबांनी पाळीपत्रकावर सही केली. कराराचा कागद घडी करून त्या माणसाच्या हातात दिला. “पुढच्या वर्षी चहाला या,” एवढंच म्हणाले.

बाकावरच्या बाईनं तिच्या गावाची प्रत घेतली, दोनदा घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि वर हात दाबून धरला. “आता गेट कसं सोडत न्हाईत ते बघते,” म्हणाली आणि एसटी गाठायला निघाली.

घरी जाण्याआधी लातूरच्या कार्यालयातल्या माझ्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला. त्यांच्याकडंही तेच परिपत्रक आणि तेच शेतकयांना. “काय केलीस ग?” तिनं विचारलं. मी गोल केलेल्या शब्दांचा फोटो काढून पाठवला, त्याखाली लिहिलं, ‘सगळीकडे बदला दाबू नको.’ पाठवताना कुणाची परवानगी लागली नाही, कुणाची चावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पर्समध्ये खोबरेल तेलाची बाटली आणि जुनं ब्लेड घेऊन अर्धा तास आधी कार्यालयात गेले. आधी बाहेरच्या फळ्यावर पाळीपत्रक चिकटवलं. मग प्रत्येक कॉम्प्युटरवरच्या निळ्या स्टिकरवर तेल चोळलं, तो मऊ होऊ दिला आणि खरवडून काढला. फडक्यानं काच पुसली, हात धुतले आणि सगळ्यात जुनं दप्तर उघडून पहिला शब्द शोधायला घेतला: शेतकयांना.