रेघेबाहेरचा बाण

पेंटर सर रेघ मारताना श्वास घेत नसत. ट्रकच्या मागच्या फळीवर नंबर रंगवायचा असला की ब्रश रंगात बुडवून डब्याच्या काठावर निथळायचे, फळीकडे क्षणभर बघायचे आणि श्वास रोखून डावीकडून उजवीकडे एका दमात रेघ ओढायचे. पट्टी नाही, दोरी नाही. रेघ संपली की श्वास सोडत, तो चार पावलांवर उभ्या असलेल्या ड्रायव्हरलाही ऐकू जाई. कारंज्यातल्या दुकानांच्या पाट्या, हायवेवरच्या ढाब्यांचे बोर्ड, सगळं त्यांच्या हातचं. म्हणून गावाला ते पेंटर, आणि आम्हा मुलींना पेंटर सर, कारण आम्हाला ते तिरंदाजी शिकवत.

पाट्या रंगवणारा माणूस तिरंदाजीत शिरला तो रंगाच्याच वाटेनं. वर्ध्याला कुठल्याशा स्पर्धेत टार्गेटचे छापील कागद कमी पडले आणि गोल रंगवून द्यायला त्यांना बोलावलं. पांढरा, काळा, निळा, लाल, पिवळा असे गोल रंगवून झाले तरी हे घरी यायचं नाव घेईनात. "मी रंगवलेल्या गोलात कोन कुठं मारते थे पाहाले थांबलो, तं अटकलोच," असं ते सांगत. पुढे नागपूरला जाऊन शिकले, पंचाची परीक्षाही दिली, आणि संत्र्याच्या बागेला लागून असलेल्या पडीक पट्ट्यात चार टार्गेटं उभी केली. मागे ट्रकची जुनी ताडपत्री टांगली. ती चुकवूनही बाण बागेत जायचे आणि बागवाला कावायचा. सरांनी त्याचं फाटक निळ्या रंगानं रंगवून दिलं, तेव्हा तो गप्प झाला.

त्यांचा नियम एकच होता. "आधी आकडा बोल, मंग हात लाव." बाण उपसण्याआधी त्याचे गुण मोजायचे, हा खेळाचाच नियम आहे. पण सरांच्या मैदानावर ज्याचा बाण त्यानंच आकडा मोठ्यानं सांगायचा. बाण रेघेला नुसता टेकला तरी वरचा आकडा मिळतो, त्यामुळे सगळी भांडणं रेघेवरची. सर बघायला येत नसत. "मी कायले पाहू? बान तुहा हाय, डोये तुहे हायेत." मी सहावीत असताना सातला आठ म्हणून बघितलं होतं. सर लांबूनच म्हणाले, "पुन्हा पाह्य." मी पुन्हा आठ म्हटलं. "पुन्हा पाह्य." ना राग, ना आवाज चढलेला. तिसऱ्यांदा मी सात म्हणाले, तेव्हा ते शांतपणे दुसऱ्या मुलीची दोरी बघायला गेले.

विश्वचषकाचं त्यांना वेड होतं. दर वर्षी जगातल्या वेगवेगळ्या शहरांत त्याचे टप्पे होतात आणि शेवटी निवडक खेळाडूंची अंतिम फेरी. उन्हाळा लागला की सर आपल्या टपरीची भिंत पांढरी करून त्यावर त्या वर्षीचं वेळापत्रक रंगवत: शांघाय, अंताल्या, पॅरिस. खाली आपल्याकडची वेळ. बसस्टँडवरच्या पाटीवर तळेगाव, तिवसा, अमरावती लिहिलेलं असतं तितक्याच सहज. एक म्हातारबुवा खरंच विचारून गेले होते, अंताल्याची गाडी कुठून लागते म्हणून. सामने आम्ही त्यांच्या मोबाइलवर बघायचो. सर पडद्यावरचा गुणफलक अंगठ्यानं झाकत आणि बाण रुतला की आमच्याकडे बघत. आम्ही आकडा सांगायचा, मगच अंगठा उचलला जाई. कोरियाच्या मुलींचे दहा दहा सांगून आमची तोंडं दुखायची.

मी बारावीत असताना बाबांनी माझा पासपोर्ट काढला. बाबा तेव्हा शाळेत क्लार्क होते. सरही सोबत आले आणि त्यांनी स्वतःचाही अर्ज भरला. चौकशीला आलेल्या शिपायानं हसत विचारलं, "पेंटर, तुमी कुठं चालले?" सर म्हणाले, "पोट्टी विश्वचषकाले गेली तं तिच्या बानावर नाव कोन टाकन?" स्पर्धेत प्रत्येक बाणावर खेळाडूची खूण लागते. माझ्या बाणांवर लाल रंगातला बारीक "प्र" त्यांच्या हातचा होता. तो पुसट झाला की मी प्रणाली आहे हे मलाच खोटं वाटे.

मग नागपूरची निवड चाचणी आली. पहिल्या चार मुली पुढच्या चाचणीला जाणार होत्या, आणि तिथून त्या वर्षीच्या विश्वचषकाचा संघ. बाबांनी नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. भर उन्हात माझ्या टार्गेटचा पंच चक्कर येऊन बसला आणि त्याच्या जागी पाठवायला एकच पंच उरला, तो म्हणजे सर. "ही माही पोट्टी हाय, मले नका पाठवू," असं सर मुख्य पंचांना म्हणाले, ते मी ऐकलं. पण दुसरं कुणी नव्हतंच.

शेवटच्या फेरीतला माझा एक बाण दहाच्या रेघेपाशी होता. मी "दहा" म्हणाले. शेजारची अमरावतीची मुलगी "नऊ" म्हणाली. पंचाला बोलावलं. सर भिंग घेऊन आले, एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. ते श्वास रोखून होते. मग श्वास सुटला. "नऊ."

एका गुणानं मी पाचवी आले.

बाण मी स्वतः उपसला. कागदावरचं भोक आणि दहाची रेघ यांच्यामध्ये केसाएवढी पिवळी फट होती. ती मी बघितली. हे वाक्य लिहायला मला अकरा वर्षं लागली.

परतीच्या बसमध्ये बाबांनी विचारलं, "काय झालं व?" मी खिडकीकडे बघत म्हणाले, "दहाचा बान होता, बाबा. आपल्या पोट्टीले फायदा देल्ला असं कोनी म्हनू नाई, म्हून सरांनी नऊ म्हनलं." वाक्य इतकं पटण्यासारखं होतं की बोलताबोलता मलाच पटायला लागलं. बाबांनी ते कारंज्याच्या बाजारात सांगितलं. स्वतःच्या नावासाठी पोरीचा बळी देणारा माणूस, असं लोक म्हणू लागले. आयांनी मुली काढून घेतल्या. पंच म्हणून त्यांना बोलावणं बंद झालं. मैदानावर तीन मुली उरल्या आणि चौथ्या टार्गेटावर वेल चढला. सर कुणाला एक शब्द बोलले नाहीत. ते बोलत नाहीत हाही लोकांना पुरावाच वाटला.

मी धनुष्य ठेवून दिलं, बाण सरांच्या मैदानावरच सोडले, फिजिओथेरपी शिकायला सावंगीला गेले आणि तिथंच नोकरीला लागले. लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करते. एकदा गावी येताना बस एका ढाब्यापाशी थांबली, तर सर शिडीवर चढून बोर्ड रंगवत होते. त्यांनी मला बघितलं आणि हातातला ब्रश वर केला. मी मान खाली घालून मोबाइल बघू लागले. मोबाइल बंद होता.

त्यांचे निरोप मात्र यायचे, वर्षातून चार-पाचदा. कशी आहेस नाही, येजो नाही. फक्त, "शनवारी, आपल्या टायमानं दुपारी अडीच. शांघाय." मी निरोप उघडायचे, त्यांना निळ्या खुणा दिसत असणार. उत्तर एकालाही दिलं नाही. सामने मात्र बघायचे, आणि गुणफलक अंगठ्यानं झाकून.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी अंताल्याचा निरोप आला नाही. चार दिवसांनी बाबांचा फोन आला. पेंटर गेला. भिंत पांढरी करून ठेवली होती, अक्षरं लिहायची राहिली.

तेरवीला मी गेले. बाबाही आले होते, गावरीत म्हणून, आणि मांडवात बाजारातल्या लोकांत बसले होते. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मला आत बोलावलं नाही. सगळ्यांसमोरच बसवलं. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "त्या दिवशीचा कागद आनला होता त्यायनं. भोक रेघेच्या भायेर अस्सं सप्पा दिसे. म्या म्हनलं, दाखवा लोकायले, काऊन आयकून घेता? तं म्हने, पोट्टी खोटी पडन. लहान हाय, तिचं तिले दिसन. अन् चुलीत घातला."

काकूंच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. पुरावा सरांनी माझ्यासाठी जाळला होता आणि मग अकरा वर्षं लांब उभं राहून नुसतं "पुन्हा पाह्य" म्हटलं होतं. ते निरोप म्हणजे दुसरं काय होतं.

काकूंनी बाणांचा जुना डबा आणून माझ्यापुढे ठेवला. वर त्यांचा पासपोर्ट होता, मुदत संपलेला, एकही शिक्का नसलेला. खाली माझे बाण. लाल "प्र" ताजा दिसत होता. मी ठेवून दिल्यावरही ते अक्षर कुणीतरी गिरवत राहिलं होतं.

"घेऊन जाय. तुहेच हायेत."

मी हात पुढे केला आणि तो डब्यावरच थांबला. सवय अशी मरत नाही.

"नऊ," मी म्हणाले. मग मांडवात बसलेल्या बाबांकडे वळले. "तो बान नऊचाच होता, बाबा. मी पाह्यलं होतं. सर खरं बोलले होते, मी खोटं बोलली."

बागवाला जमिनीकडे बघू लागला. गेली अकरा वर्षं बाबा टपरीवरून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरत होते.

"मंग मी त्या मानसाले..." एवढंच ते म्हणाले.

काकूंनी डबा माझ्याकडे सरकवला. "बोलली नं आकडा," त्या म्हणाल्या. "आता लाव हात."