पाठीतली कांडी

माग सुरू असला की आण्णाप्पाला झोप लागते आणि माग थांबला की जाग येते. इचलकरंजीत जन्म गेलेल्या माणसाची ही खोड, तिच्यावर औषध नाही. आत्ता दुपारचे दोन वाजलेत. शेडमध्ये सोळा नवे माग एका दमात चाललेत आणि आण्णाप्पा म्हेत्रे कोपऱ्यात कोऱ्या कापडाच्या ताग्यांवर कुशीवर पडलाय. तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे.

याच शेडमध्ये त्यानं एक्केचाळीस वर्षं चार-चार माग चालवले. तीन वर्षांमागं मालकानं जुने माग भंगारात घातले आणि परदेशी आणले. या मागांना आडवा धागा नेणारा धोटा नाही, धोट्यात घालायची सुताची कांडी नाही, आणि माणूसही जवळजवळ नाही. आण्णाप्पाच्या हातात झाडू दिला आणि वर सांगितलं, "आण्णा, तुम्हाला सोडवत नाही बघा." असल्या मायेचं काय करायचं असतं, हे त्याला अजून कळलेलं नाही.

डोळा जड होतो. नव्या मागांची सरसर हळूहळू जाड होते, तिला दात फुटतात आणि ती जुनी खटाक-खटाक होते. कापसाचा भुरा नाकात जातो. आणि पाठीत टक्कन काहीतरी बसतं.

हे 'टक्' काय असतं, ते ज्यांनी फक्त कापड नेसलंय, शेड पाहिली नाही, त्यांना सांगायला हवं. चालू शेडमध्ये हाक ऐकू येत नाही. बाप मेला म्हणून कुणी बोंब ठोकली तरी ऐकू येत नाही. म्हणून ज्याला बोलवायचं त्याच्या पाठीत रिकामी कांडी मारतात. मागांवर देखरेख करणारा जॉबर मारायचा ती वळ उठवायची. सोबती मारायचे ती कुठंही बसायची. आणि कांड्या भरणारी कलाव्वा, म्हणजे आण्णाप्पाची बायको, मारायची ती बरोब्बर दोन खांद्यांच्या मधोमध. कांडी बसली तरी विणणारा वळत नाही. वळला आणि तेवढ्यात धागा तुटला तर कापडात चूक पडते. तो नुसता डावा हात वर करतो. थांब जरा.

आण्णाप्पा झोपेतच डावा हात वर करतो.

"हात खाली घ्या. चौकातला पोलीस हाय काय तुमी?"

आवाज येत नाही, ओठ दिसतात. शेडमधली माणसं ओठच ऐकतात. त्याला वळावंही लागत नाही, कारण ज्या भिंतीकडं तोंड आहे त्या भिंतीतच कलाव्वा तिच्या कांडी मशीनवर बसलीय. तिला जाऊन आठ वर्षं झाली. तिचं तिला त्याचं काही नाही. अंगठा हळदीत बुडवून ती भरलेल्या प्रत्येक कांडीच्या बुडाला ठसा लावतेय. दुसऱ्या बायकांच्या कांड्यांत आपली मिसळू नये म्हणून जन्मभर लावत आली, तशीच.

"कला, एक विचारायचंय."

"आदी मी विचारतो. कानातलं मशीन कुठाय?" आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. मेल्यावरही त्यात फरक पडत नाही.

"हाय की."

"कुठं हाय?"

"तंबाखूच्या डबीत."

"तंबाखू खातंय काय ते? पोरानं हौसेनं आणून दिलं, आणि तुमी डबीत कोंडून ठेवलायसा."

"घालून ऐकू काय? मालकाचं कौतुक? का टीव्हीवरची प्रगती?"

"रूपालीची हाक ऐका. सून हाय तुमची. बोलून बोलून तोंडाला फेस आलाय तिच्या."

"ते ऱ्हाऊ दे गं. माझं ऐक, त्या दिवशी—"

पण ती उठलेली असते. तो तिच्यामागं एक पाऊल टाकतो तर ते घरचं स्वयंपाकघर असतं. ओट्याच्या जागी माग चाललाय, त्याच्यातनं ओल्या चुलीच्या धुराचं कापड विणून बाहेर पडतंय. धूर खड्ड्यातनं येतोय. खड्डा आण्णाप्पाच्या बापाचा. त्यात पाय सोडून बाप हातमाग विणायचा.

"बघा," कलाव्वा खड्ड्याकडं बोट दाखवते. "तुमच्या बापानं स्वतःचा हातमाग फोडून चुलीत घातला. अकरा दिवस भात शिजला त्याच्यावर. म्हातारं रडत होतं आणि तुमी वीस वर्षांचं पोरगं हसत होतासा. म्हणालासा, आबा, आता विजेचं युग आलं."

"आलंच होतं की."

"मग आता तुमचा माग गेला तर तोंड वाकडं कशाला? युग काय तुमच्यापाशी मुक्कामाला आलंतं?"

आण्णाप्पाला राग येतो. "तुला काय मी हे विचारायला—"

वाक्य पुरं होत नाही. ते मांडवात उभे असतात. त्यांचंच लग्न आहे. मध्ये अंतरपाट, तोही कोरा, शेडमधलाच. भटजींचे ओठ हलताहेत, पण मांडवात माग चालू आहेत, मंगलाष्टकातला एक शब्द कुणाला ऐकू येत नाही. वर कापडी फलक लावलाय, 'महाराष्ट्राचं मँचेस्टर'. मँचेस्टर म्हणे! तिथल्या विणकरांचे कान शेवटी शाबूत राहिले का, एवढं तरी कुणी विचारून आलंय? फलकाखाली कुणी पुढारी भाषण करतोय, यंत्रानं माणसाला वर आणलं म्हणतोय. वऱ्हाडी माना डोलावतात आणि अक्षता टाकायला हात उगारतात. अक्षतांच्या ठिकाणी कांड्या असतात. शेकडो रिकाम्या कांड्या आण्णाप्पाच्या पाठीत बसतात. टक्, टक्, टक्. तो कळवळून हात वर करतो. थांबा जरा.

"बघा, परत!" कलाव्वा अंतरपाटावरनं वैतागून बघते. "लग्नात पण थांबाच!"

"तेच विचारायचंय मला!" आण्णाप्पा ओरडतो. घशाच्या शिरा ताणतात, आवाज मागांत बुडतो. "तू गेलीस त्या दिवशी पाठीत कांडी बसली. मी हात वर केला, तुटलेला धागा बांधला. वळलो तर तुझ्या मशीनपाशी माणसं जमलेली. जॉबर म्हणाला, कांडी मी मारली आसंल. आसंल म्हणाला! आठ वर्षं हेच दळतोय मी. ती कांडी कुणी मारली?"

कलाव्वा त्याच्याकडं बघते. मांडव भंगाराच्या वजनकाट्यावर येऊन टेकलाय. जुने माग एकावर एक रचलेत आणि त्यांच्या ढिगावर नवरीच्या पातळात ती उभी आहे. तरीही ते सगळे माग चालूच आहेत. ती वाकते आणि एक लाल बटण दाबते.

सगळं थांबतं. शेड थांबते, गल्ली थांबते, गाव थांबतं.

"अगं, बटण का दाबलंस? आता जाग येईल मला. बोल लौकर!"

"ओठांनी बोलायची गोष्ट न्हाई ती." हा तिचा खराखुरा आवाज असतो, जरा घोगरा. एवढ्या वर्षांच्या संसारात आपण हा फार कमी ऐकला, हे त्याला आत्ता कळतं. "होय. मीच मारली."

"दुखालतं?"

"हात, छाती, सगळंच. वाटलं, तुमाला सांगावं घोटभर पाणी द्या म्हणून."

"आणि मी—"

"तुमी हात वर केलासा. मी म्हटलं, बरं, थांबतो."

"माझ्यामुळं मेलीस तू."

"आलं! सगळं तुमच्यावरच येऊन थांबतंय." ती आता खरंच चिडलीय. "एका माणसाच्या गळ्यात चार माग तुमी घातलं? बायको मरताना ऐकू येऊ नये एवढा आवाज तुमी केलासा? ज्यांनी केला त्यांना विचारलंसा कवा? तिथं मात्र तोंडात तंबाखू."

"मग माझी चूक न्हाई म्हणतीस?"

"तसं कुठं म्हणालो? मान वळवायला वीज लागत न्हाई."

त्याच्या डोळ्यांच्या कडेनं उजेड आत यायला लागतो. कलाव्वा घाईघाईनं कनवटीला चाचपते. "एकच उरलीय माझ्यापाशी. शेवटची. सांभाळून."

ती समोरून मारते आणि कांडी बसते पाठीत. दोन खांद्यांच्या मधोमध.

आण्णाप्पा जागा होतो. वीज गेलीय. सोळाही माग गप्प आहेत. समोर भिंत आहे, नुसती भिंत. डावा हात सवयीनं वर चाललाय. अर्ध्यावर गेल्यावर त्याला तो दिसतो. तो हात खाली घेतो आणि वळतो. नुसती मान नाही, सगळाच्या सगळा वळतो.

दारात रूपाली उभी आहे. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्यानं कडेवरचं लेकरू धरलेलं. घामानं निथळतेय. ओठ हलताहेत. तो घाईनं डबी उघडतो, मशीनवरची तंबाखू झटकतो आणि ते कानात घालतो. आधी शीळ वाजते, मग माणूस ऐकू येतं.

"...कवाधरनं हाका मारालोय, मामा! पाणी द्या आदी, ऊन लागलंय."

"देतो, देतो. बस तू."

उठताना त्याच्या पाठीमागनं काहीतरी ताग्यांवरनं घरंगळतं आणि फरशीवर वाजत जातं. तो उचलतो. कांडी आहे, लाकडाची, रिकामी.

"ही कुठली मामा? भंगारात गेल्या न्हवं सगळ्या?"

आण्णाप्पा कांडी खिशात टाकतो, माठातनं तांब्या भरतो आणि रूपालीच्या हातात देतो. ती घटाघटा पिते. पितळी तांब्यावर, त्यानं जिथं धरला होता तिथं, ओल्या हळदीचा अंगठा उठलेला असतो.